चालू घडामोडी आणि बंद कपाटे

(एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण, किंचित संक्षेपाने.)



अशा समारंभाला लेखकाला बोलावतात तेव्हा त्याच्याकडून काय अपेक्षित असते, याची मला दीर्घ सवयीने कल्पना आली आहे. वाचनाची आवड लोप पावत चालली आहे असे त्याने म्हणावे, तरुणांना दोन शब्द सुनवावेत, आपण लहानपणी कंदिलाच्या उजेडात पुस्तके कशी वाचली ते सांगावे आणि चहा घेऊन परत जावे. मीही अशी भाषणे केली आहेत. आज ते जमणार नाही. कारण निमंत्रणपत्रिकेबरोबर आपल्या कार्यवाहांनी मला एक कागद पाठवला. कार्यकारी मंडळापुढे असलेल्या ठरावाची ती प्रत होती. मुख्य दालनातले वर्तमानपत्रांचे लांब टेबल व्हरांड्यात हलवावे, भिंतीलगतची पुस्तकांची कपाटे मागच्या खोलीत ठेवावीत आणि दालनात स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी सशुल्क अभ्यासिका सुरू करावी, असा तो ठराव आहे. सोबत दोन ओळी होत्या : ‘आपण भाषणात या योजनेचे स्वागत करावे.’

विनंती प्रामाणिक आहे, आणि ती करणारे गृहस्थ माझे जुने मित्र आहेत. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मीही हाच ठराव मांडला असता. तरीही मला त्याचे स्वागत करता येत नाही. का, ते सांगायला मी उभा आहे.

आधी पैशाचे बोलू, कारण अशा समारंभात पैशाचे कोणी बोलत नाही. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली केला. त्याआधी १९४८ साली मद्रास प्रांताने केला होता. त्यामागे रंगनाथन यांची खटपट होती आणि त्या कायद्यात मालमत्ता करावर ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर बसवलेला होता. घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचे चार पैसे आपोआप वाचनालयात जावेत, ही त्यामागची कल्पना. कर्नाटकानेही १९६५ साली तसेच केले. आपण उपकर टाळला आणि अनुदानाचा मार्ग घेतला. त्याचा चांगला परिणाम असा की महाराष्ट्रात वाचनालये सरकारी कचेऱ्या झाली नाहीत, ती गावकऱ्यांच्या संस्था राहिल्या. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४० चे. ही परंपरा कायद्याच्या फार आधीची आहे आणि कायद्याने ती मोडली नाही. वाईट परिणाम असा की अनुदान ही कृपेची गोष्ट झाली. ते केव्हा वाढेल आणि केव्हा हाती पडेल, हे मंत्रालयात ठरते. २०१२ नंतर दहा वर्षे ते वाढले नाही. २०२२ मध्ये साठ टक्क्यांनी वाढले. वाढ ऐकायला मोठी वाटते. आपल्या तालुक्यातील लहान गावांमध्ये ‘ड’ वर्गाची जी वाचनालये आहेत, त्यांचे अनुदान तीस हजारांवरून अठ्ठेचाळीस हजारांवर गेले. हे वर्षाचे आहे, मित्रहो. महिन्याचे चार हजार. त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि माणूस. त्या माणसाला, बहुतेक ठिकाणी ती बाई असते, आपण ‘ग्रंथपाल’ म्हणतो आणि शेतमजुरीहून कमी मानधन देतो. समान कामाला समान वेतन मागणारे आपण कार्यकर्ते या बाईंसाठी कधी तहसीलदाराकडे गेलो आहोत काय? मी गेलेलो नाही.

आपले वाचनालय वरच्या वर्गातले आहे, पण हिशोबाची जात तीच. तेव्हा अभ्यासिकेच्या शुल्कातून वीजबिल निघेल, छप्पर गळायचे थांबेल, हा कार्यवाहांचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आता त्या टेबलाविषयी.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन ऐन भरात होते. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ च्या नोव्हेंबरात निघाला होता. आमच्या पेठेत तो अंक वाचनालयाच्या टेबलावर दुपारी येई, आणि एक शिंपी, ज्यांना सारे नाना म्हणत, आपले यंत्र थांबवून तो मोठ्याने वाचायला येत. ऐकणाऱ्यांत निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. हमाल असत, टांगेवाले असत, भाजी विकून परत निघालेल्या बाया दाराशी टेकत. नाना नुसते वाचत नसत. मध्येच थांबून चष्मा वर करून विचारत, ‘आता हे तुम्हाला पटतं का?’ मग दुसऱ्या बाजूचे वर्तमानपत्र ओढून त्याच बातमीचा तिथला मजकूर वाचत. भांडणे होत. एकदा एका काँग्रेसवाल्या अडत्याने टेबलावर मूठ आपटली तेव्हा दौत उलटली, तिचा डाग पुढे कितीतरी वर्षे त्या लाकडावर होता. पण दुसऱ्या दिवशी अडत्या पुन्हा त्याच बाकावर येऊन बसला, कारण कापसाचा भावही त्याच टेबलावर वाचायला मिळे.

या आठवणीने मी गहिवरलो आहे असे समजू नका. त्या टेबलाभोवती दलित वस्तीतली माणसे दाराच्या आत फारशी दिसत नसत, हेही मी पाहिलेले आहे. तेव्हा ते चमत्कारिक वाटले नाही. आज वाटते. टेबल सार्वजनिक होते म्हणजे सर्वांचे होते असे नाही. ते सर्वांचे करावे लागले, आणि ते काम अजून पुरे झालेले नाही.

आणीबाणीच्या काळात मी तरुण मास्तर होतो. जून १९७५ नंतरही वर्तमानपत्रे रोज येत, पाने भरलेली असत, छपाई नेहमीपेक्षा स्वच्छ वाटे. आमच्या वाचनालयात एक निवृत्त पोस्टमास्तर येत. ते सकाळी अंक उघडीत आणि शेजारच्याला हळूच म्हणत, ‘आज काय नाही, ते बघा.’ कुठल्या पुढाऱ्याचे नाव आठवड्याभरात आले नाही, कुठल्या गावचा संप एकाएकी दिसेनासा झाला, याची ते मनात नोंद ठेवीत. वाचणे म्हणजे काय, याचा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा धडा मला त्या गृहस्थांनी दिला. त्यांना तसे सांगायचे राहून गेले.

आज सेन्सॉर बसलेला नाही. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात इतका मजकूर येऊन पडतो की काय नाही ते शोधायला सवडच उरत नाही. शिवाय ज्याच्या त्याच्या खिशात ज्याला त्याला आवडेल असाच मजकूर येतो. अडत्याला त्याचा, नानांना त्यांचा. दौत उलटण्याचा प्रश्नच नाही.

आणि आता ज्यांच्यासाठी हे दालन द्यायचे आहे, त्या मुलांविषयी. गेल्या पाच-सहा वर्षांत कोठल्याही तालुक्याच्या वाचनालयात जा, सकाळी सातला दाराशी चपलांची रांग दिसते. ही मुले-मुली बारा-बारा तास बसतात. त्यांच्यासमोर ‘चालू घडामोडी’ नावाची मासिके असतात. हा शब्द मी प्रथम त्यांच्याकडूनच या अर्थाने ऐकला. जगात जे काही घडते त्याचे त्यांत प्रश्न केलेले असतात आणि प्रत्येकाखाली चार पर्याय. करार कुठे झाला, अहवालात देशाचा क्रमांक कितवा, योजना कोणत्या तारखेला सुरू झाली. योजनेचे पैसे आपल्या आजीला मिळाले की नाही, हा प्रश्न त्यांत नसतो. मला याचा राग येत असे. घडामोडी चालू आहेत आणि माणूस मात्र बसून राहिला आहे, असे एक वाक्य मी दोन-तीन भाषणांत टाळ्या घेण्यासाठी वापरलेही.

ते वाक्य मी मागे घेतो. एक तर ही मुले बसून राहिलेली नाहीत. २०२३ च्या आरंभी लोकसेवा आयोगाच्या नव्या परीक्षापद्धतीविरुद्ध ती पुण्यात रस्त्यावर उतरली आणि ती पद्धत २०२५ पर्यंत पुढे ढकलायला त्यांनी भाग पाडले. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या तेव्हा ती पुन्हा उतरली आणि पूर्वपरीक्षा पुढे गेली. आपल्यापैकी किती मोर्चांना अलीकडे एवढे यश आले? दुसरे असे की, शेतीत भागत नाही, कारखान्यात कायमची नोकरी नाही, कंत्राटदाराकडे उद्याची शाश्वती नाही, अशा वेळी सरकारी नोकरीसाठी पाच वर्षे बाकावर काढणारा मुलगा मूर्ख नाही. तो या अर्थव्यवस्थेचे आपल्यापेक्षा अचूक वाचन करतो आहे. तिसरे कारण माझ्या स्वतःच्या लाजिरवाण्या अनुभवाचे आहे, आणि त्यासाठीच मी हे भाषण लिहून आणले.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मी याच दालनात बोललो होतो. त्या भाषणाच्या शेवटी मी डॉ. आंबेडकरांचे म्हणून एक वाक्य सांगितले. वाक्य सुंदर होते, आपल्या बाजूचे होते, आणि लोकांनी टाळ्या दिल्या. भाषण संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी वही घेऊन पुढे आला. ‘सर, हे कोणत्या खंडात आहे? टिपून ठेवतो.’ मी म्हणालो, ‘शोधून सांगतो.’ खरे तर ते वाक्य मला आदल्या आठवड्यात एका कार्यकर्त्याने फोनवर पाठवले होते. त्याला कोणीतरी पाठवले होते. साठ वर्षे पुस्तकांत काढलेल्या माणसाने त्याच्या मुळाशी जाण्याची तसदी घेतली नव्हती.

मुलगा जायला तयार नव्हता. ‘इथे खंड आहेत ना, सर? बघू या.’ महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली, ते इथे त्या कोपऱ्यातल्या कपाटात आहेत. कपाटाला कुलूप होते. बाईंनी किल्ली शोधून आणली. खंडांवर धूळ होती. काहींची पाने तर एकमेकांना चिकटलेली होती, म्हणजे ती कोणी उघडलीच नव्हती. आम्ही दोघे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसलो आणि दुसऱ्या दिवशीही बसलो. तो सूची बघे, मी संशयित प्रकरण चाळे. वाक्य सापडले नाही. त्याच्या जवळ जाणारा विचार एके ठिकाणी सापडला, पण तो कितीतरी अधिक कठीण होता. त्यात एक अट होती, आणि ती अट आपल्यालाही लागू होत होती. फोनवरच्या वाक्यातून नेमकी तीच गळलेली होती.

उठताना तो मुलगा शांतपणे म्हणाला, ‘सर, परीक्षेत मी असं चुकीचं उत्तर दिलं असतं तर माझे गुण कापले गेले असते. तुमचं काय गेलं?’

मी त्याला उत्तर दिले नाही. मनातल्या मनात पुष्कळ दिवस देत राहिलो. त्या मुलाचे ‘चालू घडामोडीं’चे शिक्षण मला फार उथळ वाटत होते, पण पुराव्याशिवाय काही लिहायचे नाही ही एक शिस्त त्या शिक्षणाने त्याला दिली होती, आणि मी ती टाळ्यांच्या नादात गमावली होती. उलट, त्या दोन दिवसांत त्याला जे मिळाले ते चार पर्यायांत मिळणारे नव्हते. तिसऱ्या दिवशी तो ते अट असलेले प्रकरण पुन्हा वाचायला मागत होता, असे मला बाईंनी सांगितले. कपाटाला मात्र पुन्हा कुलूप लागले होते.

कुलूप का लावता, असे मी तेव्हा विचारले. पुस्तके हरवली तर पडताळणीत कोण भरून देणार, असे उत्तर मिळाले, आणि चार हजारांच्या हिशोबात ते उत्तरही खोटे नाही. पण रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली त्यांतले पहिलेच असे की पुस्तक ही वापरण्याची वस्तू आहे, जपून ठेवण्याची नव्हे. एखादे पुस्तक वाचकाच्या हातून झिजले, फाटले, प्रसंगी हरवले, तरी ते कपाटात नवे राहिलेल्या पुस्तकापेक्षा अधिक कामी आले. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा तज्ज्ञ आणून ग्रंथालये उभारली तेव्हा पेट्यांत भरून पुस्तके खेड्यांत पाठवली. पेट्यांतली काही पुस्तके गहाळ झाली असणारच. त्यासाठी त्यांनी पेट्या पाठवणे थांबवले नाही.

म्हणून या ठरावात मला अभ्यासिका खटकत नाही. ती हवीच. मला खटकते ती वाटणी : पुस्तके मागच्या खोलीत, वर्तमानपत्रे व्हरांड्यात आणि मुले मधल्या दालनात. ज्याला प्रश्न पडतो तो एका भिंतीआड, आणि ज्यात उत्तर आहे ते दुसऱ्या भिंतीआड. त्या दिवशी तो मुलगा आणि ते कपाट एकाच दालनात होते, म्हणून माझी चूक उघडी पडली. मागच्या खोलीतल्या कपाटापर्यंत आम्ही गेलो असतो काय? मी तर त्याला ‘शोधून सांगतो’ म्हणून घरी निघून गेलो असतो.

सरकारच्या लेखी आपली जागा काय, हे २०२० साली दिसलेच. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. मे महिन्याच्या आरंभी दारूची दुकाने अटींवर उघडू लागली. ग्रंथालयांना परवानगी मिळाली ऑक्टोबरच्या मध्यास. तेव्हा आपण कोणी निदर्शने केली नाहीत. व्हरांडा आणि मागची खोली यांची सवय आपल्याला तिथेच लागली असावी.

आता आपण कार्यकर्त्यांनी काय करायचे, एवढेच सांगून थांबतो.

जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला. ‘दीनबंधु’त आरंभीचा भाग छापला गेला, पुढचा छापण्याचे धैर्य झाले नाही. पूर्ण पुस्तक त्यांच्या हयातीत छापून निघाले नाही. पण त्याचे हस्तलिखित त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर येथे लोकांना वाचून दाखवले. ज्यांच्यासाठी ते लिहिले होते त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते, म्हणून छापखान्याच्या आधी ते कानांवाटे पोचले. क्यूबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ च्या सुमारास कामगारांनी आपल्या खर्चाने वाचक ठेवला. काम चाले आणि तो उंच बाकावरून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाची. पुढच्याच वर्षी वसाहतीच्या सरकारने त्यावर बंदी घातली. बंदी घालण्याइतके ते वाचन गंभीर होते. केरळात कण्णूर भागातले विडी कामगार तसेच करीत. जो वाची त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. उगाच नाही केरळात गावोगावच्या ग्रंथशाळांची चळवळ उभी राहिली.

आपल्या गावचा बाजार गुरुवारी असतो. त्या दिवशी व्हरांड्यात नव्हे, आत, त्या टेबलावर दुपारी एक तास कोणीतरी मोठ्याने वाचावे. दोन वर्तमानपत्रे, एक आपल्या मनाजोगते आणि एक मनाविरुद्धचे, आणि एखाद्या पुस्तकाची दहा पाने. त्या तासापुरती अभ्यासिकेतल्या मुलांना अडचण होईल. त्यांना विचारून तास ठरवावा. मला वाटते त्यांच्यातलेच दोघे-तिघे वाचायला पुढे येतील, आणि मराठीच्या पेपरासाठी त्यांना त्याचा उपयोगही होईल. जे कोणी वाचेल त्याला मधूनच थांबवून ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारण्याचा हक्क सर्वांना असावा. पाहुण्या वक्त्यांनाही तो लागू करावा.

शुल्काचा प्रश्न उरतो. अभ्यासिकेसाठी ज्यांना देता येईल त्यांनी द्यावे. ज्याला येत नाही त्याच्या बाकाचे पैसे आपण कार्यकर्त्यांनी वर्गणीतून भरावेत. आपल्या सभांच्या फलकांवर जेवढे खर्च होतात त्याच्या निम्म्यात ते बसेल. कोणाचे पैसे कोणी भरले हे फक्त बाईंना ठाऊक असावे. कपाटांची कुलुपे काढावीत. वर्षभरात जी पुस्तके हरवतील त्यांची यादी करून मला पाठवावी. पहिल्या वर्षीची भरपाई मी करीन, आणि हे मी सभेसमोर बोललो असल्यामुळे आता मला त्यातून सुटता येणार नाही. बाईंच्या मानधनाविषयीचे निवेदन मी लिहून आणले आहे. ते त्या टेबलावर ठेवले आहे, चहाच्या आधी त्यावर सह्या व्हाव्यात अशी माझी इच्छा आहे. अध्यक्षमहाराजांची पहिली.

येत्या गुरुवारी पहिली पाळी माझी. ‘असूड’ची पहिली दहा पाने मी वाचीन. त्या विद्यार्थ्याने शेजारी बसावे, अशी माझी त्याला विनंती आहे. मात्र या वर्षी त्याची मुख्य परीक्षा जवळ आलेली आहे असे कळते, तेव्हा तो आला नाही तरी कोणी त्याला बोल लावू नये.